पाण्याचा भार आणि हवेचा दाब
(मंडळ्यांतील रात्रीच्या वर्गांकरिता सृष्टिज्ञानाचा पाठ)

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्रीने याकोबाच्या विहिरीपाशी दोन अडचणी प्रभूच्या ध्यानात आणून दिल्या : एक विहिरीच्या खोलीची, दुसरी पोहरा नसल्याची. ह्या दोन अडचणी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावकऱ्यास समजावून सांगाव्या लागत नाहीत. घाटावर चिखली व मेहकरकडे काळा कातळ फोडून पाणी गाठावे लागते; घाटाखाली पूर्णाकाठी पाणी लागले तरी पुष्कळ ठिकाणी ते खारे निघते. पाणी कोठे आहे, ते वर कसे येते, आणि कधी कधी का येत नाही, हा आमच्या लोकांच्या रोजच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. म्हणून पाणी व हवा ह्यांच्या दाबाविषयीचे ज्ञान मनुष्यास कसकसे प्राप्त होत गेले, हे ह्या पाठात थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. पाठाच्या शेवटी ज्या गोष्टीविषयी आम्ही लिहिणार आहो, तिच्यावर मनुष्यांचे प्राण अवलंबून आहेत. यास्तव वाचकांनी पाठ शेवटपर्यंत वाचावा व उपदेशकांनी तो वर्गात वाचून दाखवावा अशी आमची विनंती आहे.

१. पाण्याचा भार

ह्या शास्त्राचा पाया ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज नगरातील आर्किमिडीज ह्या ग्रीक पंडिताने घातला. त्याने असे सिद्ध केले की, कोणताही पदार्थ पाण्यात बुडविला असता तो जितके पाणी बाजूस सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाइतका आधार पाणी त्यास देते. विहिरीतून भरलेली घागर ओढताना ती पाण्यात आहे तोवर हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच एकदम जड होते, हा अनुभव आमच्या प्रत्येक भगिनीस आहे. घागर जड झाली नाही. पाण्याने दिलेला आधार तेवढा सुटला.

पाणी जितके जड तितका त्याचा आधार अधिक. एका पेल्यात गोडे पाणी घेऊन त्यात कोंबडीचे ताजे अंडे सोडा; ते तळाशी जाईल. मग त्यात मूठमूठ मीठ विरघळवीत जा. अंडे हळूहळू वर येऊन तरंगू लागेल. आमच्याच जिल्ह्यात लोणारच्या सरोवराचे पाणी असे खारट व क्षारयुक्त आहे, तर त्याच सरोवराच्या काठावर धारेचे गोडे पाणी अखंड वाहते. खारे पाणी जड व गोडे हलके असल्यामुळे ते न ढवळता शेजारी आले तर गोडे पाणी वर राहते व खारे खाली बसते. जेथे भूमीत खाली खारे पाणी व वर गोड्या पाण्याचा थर असेल, तेथे हावेने फार उपसा केला असता वरचा गोडा थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर चढते, हे खारपाण पट्ट्यातील बंधूंनी ध्यानात ठेवावे.

आर्किमिडीजनंतर सुमारे अठराशे वर्षे ह्या विषयात फारशी भर पडली नाही. मग १५८६ साली सायमन स्टेविन नावाच्या नेदरलंडातील विद्वानाने एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट दाखविली. ती अशी की, भांड्याच्या तळावर पडणारा पाण्याचा दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. भांडे रुंद आहे की अरुंद ह्यावर नव्हे. दर दहा मीटर खोलीस दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब वाढतो, मग ते पाणी हातभर रुंदीच्या नळीत असो अथवा कोसभर पसरलेल्या तलावात असो.

सिंदखेडराजा येथे जाधवांच्या काळचा मोती तलाव पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. अशा तलावाच्या भिंतीस सर्व विस्तीर्ण पाणी ढकलीत आहे असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु भिंतीवरील दाब ठरतो तो तिच्यापाशी पाणी किती खोल आहे ह्यावरून. म्हणूनच बंधारा वर अरुंद चालतो, पण पायाशी रुंद लागतो. गावात श्रमदानाने बांध घालताना त्याची उंची दुप्पट केली, तर त्याच्या पायाशी दाब दुप्पट होतो, आणि सबंध भिंतीवर पडणारा एकंदर जोर चौपट होतो. हे न जाणता केवळ वर माती चढवीत गेलेले बांध पहिल्याच मोठ्या पुरात फुटतात.

२. पोकळीचे भय

आता हवेकडे वळू. लहान मुले पपईच्या पोकळ देठाने पाणी चोखून घेतात. पाणी देठातून वर का चढते? जुने ग्रीक तत्त्ववेत्ते असे शिकवीत की, सृष्टीला पोकळी सहन होत नाही. देठातील हवा ओढून घेतली म्हणजे ती पोकळी भरून काढण्यास पाणी धावते. हे मत सुमारे दोन हजार वर्षे युरोपातील विद्यालयांत गुरूकडून शिष्याकडे जात राहिले. थोर आचार्यांनी सांगितले आहे, एवढे प्रमाण लोकांस पुरेसे वाटे.

परंतु इटलीतील पंप करणाऱ्या कारागिरांस एक अडचण येऊ लागली. त्यांचे पंप सुमारे दहा मीटर खोलीपर्यंत पाणी ओढीत. त्याहून खोल विहिरीवर बसविले की, दांडा कितीही हालविला तरी पाणी वर येत नसे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या अडचणीचा उल्लेख केला आहे. सृष्टीला पोकळीचे भय असेल, तर ते दहा मीटरांपाशीच का संपावे? पंडितांनी दोन हजार वर्षांत विचारला नाही, असा हा प्रश्न विहिरीवर काम करणाऱ्या मनुष्यांच्या हातून पुढे आला. आमच्या ग्रामीण वाचकांनी ही गोष्ट विसरू नये.

गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली ह्याने १६४३ साली ह्याचा उलगडा केला. पारा हा पाण्याहून सुमारे साडेतेरापट जड आहे. तेव्हा हवेने जर पाणी दहा मीटर उचलले जात असेल, तर पारा त्याच्या सुमारे साडेतेराव्या हिश्श्याइतकाच उचलला जावा, असे त्याने अनुमान केले. एका टोकाशी बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरण्यात आली. पारा थोडा खाली उतरला आणि सुमारे शहात्तर सेंटिमीटर उंचीवर स्थिर राहिला. त्याच्या वर नळीत पोकळी दिसू लागली. ज्या पोकळीला सृष्टी भिते असे म्हणत, ती डोळ्यांपुढे उभी होती.

टॉरिचेलीचे म्हणणे असे की, आपण सर्व हवेच्या एका महासागराच्या तळाशी राहतो आणि त्या हवेस वजन आहे. चोखणारा मनुष्य पाणी ओढीत नाही. तो फक्त नळीतील हवा काढून घेतो, आणि बाहेरची हवा पाण्याच्या पृष्ठावर दाब देऊन त्यास नळीत वर ढकलते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो आहे. त्याच्याने दहा मीटर पाणी तोलले जाते. अकरावा मीटर तोलण्याचे बळ त्यात नाही. दाबयंत्र म्हणजे हवामापक नळी तीच.

ईयोबाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचे पंचविसावे वचन काढून पाहावे. तेथे वाऱ्याचा भार व पाण्याचे माप ही दोन्ही देवाने नेमल्याचा विषय आला आहे. ते वचन शास्त्र शिकविण्याकरिता लिहिलेले नाही, आणि त्यावरून कोणी टॉरिचेलीच्या शोधाची फुशारकी मारू नये. तरी ज्याने सृष्टी केली त्याच्या ठायी वजन व माप आहे, एवढे त्यावरून आम्हांस कळते, आणि म्हणून वजन व माप शोधणे हे भक्तीच्या विरुद्ध नाही हेही कळते.

३. डोंगरावरील परीक्षा

टॉरिचेलीचे म्हणणे खरे असेल, तर डोंगरावर हवेचा थर कमी असल्यामुळे पारा खाली उतरला पाहिजे. ही परीक्षा फ्रान्स देशातील ब्लेझ पास्कल ह्याने योजिली. पास्कलची प्रकृती अशक्त होती. म्हणून त्याचा मेहुणा पेरिए ह्याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी प्युय-द-दोम नावाच्या डोंगरावर हा प्रयोग केला. त्याने पाऱ्याच्या दोन नळ्या सिद्ध केल्या. एक डोंगराच्या पायथ्याशी मठाच्या बागेत ठेवून तिच्यावर दिवसभर नजर ठेवण्यास एका मठवाशास बसविले, आणि दुसरी आपण वर नेली. सुमारे एक हजार मीटर चढून गेल्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरलेला आढळला. संध्याकाळी परत येऊन पाहतो तो बागेतील नळीचा पारा दिवसभर जेथल्या तेथे होता. वरची नळी खाली आणताच तिचा पाराही पूर्वस्थानी आला. एक नळी वर नेणे व दुसरी साक्षीस खाली ठेवणे ही प्रामाणिक परीक्षेची रीत आहे. जी गोष्ट पडताळावयाची, तिच्या शेजारी न बदललेली गोष्ट ठेवून दोहोंची तुलना करावी.

हीच परीक्षा आमच्या जिल्ह्यातही होण्यासारखी आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे, आणि घाट उतरून मलकापूरच्या बाजूस गेले म्हणजे उंची सुमारे अडीचशे-पावणेतीनशे मीटर राहते. तेवढ्या उताराने पारा सुमारे तीन सेंटिमीटर वर चढेल. लोणारच्या विवराचा काठ तळापासून सुमारे १३७ मीटर उंच आहे. काठावरून सरोवराच्या पाण्यापाशी उतरले, तर पारा सुमारे एक सेंटिमीटर चढलेला दिसेल.

ह्यात शेतकऱ्यास उपयोगाचे काय? हे की, घाटाखाली हवा सुमारे दहा मीटर पाणी तोलते, तर घाटावर साडेनऊ मीटरच तोलते. प्रत्यक्षात नळीचे घर्षण, फुटव्हॉल्व्हची गळती, सांध्यांतून शिरणारी हवा ह्यांमुळे इतकेही साधत नाही. काठावर ठेवलेला साधा पंप पाण्याच्या पृष्ठापासून सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट, ह्याहून अधिक उंच पाणी भरवशाने ओढीत नाही. हा दोष पंपाचा नव्हे, विकणाऱ्याचा नव्हे, आणि अधिक शक्तीचे इंजिन आणून तो दूर होत नाही; कारण पाणी वर ढकलणारे बळ हवेचे आहे, इंजिनाचे नव्हे. जुन्या मोटेस ही मर्यादा नव्हती. मोट पाणी चोखीत नसे. बैल ते नाड्याने उचलून आणीत, आणि नाडा पुरेल तितक्या खोल ती जाई.

४. घोड्यांचा खेळ व बॉइलची हवा

मॅग्डेबर्ग नगराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिक ह्याने हवा काढून घेणारा पंप तयार केला. तांब्याची दोन अर्धगोल भांडी तोंडास तोंड लावून त्याने त्यांतील हवा उपसून टाकली. १६५७ साली त्याने आठ घोडे एका बाजूस व आठ दुसऱ्या बाजूस जुंपून ती ओढविली, तरी ती सहज सुटेनात. गोलाचा व्यास अर्ध्या मीटरच्या सुमारास होता. त्यावर बाहेरच्या हवेचा जोर सुमारे दोन टनांचा होतो. तोटी उघडून आत हवा सोडताच तीच भांडी हाताने वेगळी झाली. आपल्या तळहातावरही सुमारे शंभर किलोचा भार असतो. परंतु वरून, खालून व आतून दाब सारखाच असल्यामुळे आपणांस तो जाणवत नाही.

इंग्लंडात रॉबर्ट बॉइल ह्याने १६६२ साली हवेच्या दाबाचा नियम प्रसिद्ध केला : उष्णमान तेच ठेवून हवेवर दुप्पट दाब घातला, तर तिचे आकारमान निम्मे होते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा खाली लोटला म्हणजे ह्याची प्रचीती येते. हाच बॉइल मोठा देवभक्त होता. मलय भाषेत चार शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये १६७७ साली ऑक्सफर्ड येथे छापली गेली, ती त्याच्या खर्चाने. पास्कलविषयीही असेच आहे. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्यास देवाच्या सान्निध्याचा जो अनुभव आला, तो त्याने एका कागदावर लिहिला आणि अंगरख्याच्या आत शिवून ठेवला. त्याच्या मरणानंतर तो सापडला. ज्ञान वाढले म्हणजे विश्वास कमी होतो असे आमच्या तरुणांस कोणी सांगितले, तर उपदेशकांनी त्यांस ह्या दोन पुरुषांची चरित्रे सांगावी.

५. खामगावची रुईची गाठ

पास्कलने आणखी एक नियम शोधला. त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली तो प्रसिद्ध झाला. बंद भांड्यातील पाण्यावर एका ठिकाणी दाब घातला असता तो सर्व दिशांस सारखाच पोहोचतो. समजा, एका बंद पात्रास दोन दट्टे आहेत. एकाचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटर व दुसऱ्याचा शंभर. लहान दट्ट्यावर एक किलोचा जोर दिला, तर मोठ्या दट्ट्यावर शंभर किलोचा जोर उत्पन्न होतो. परंतु हा फुकटचा लाभ नव्हे. लहान दट्टा शंभर सेंटिमीटर खाली जाईल, तेव्हा मोठा एकच सेंटिमीटर वर येईल. सृष्टीत जोर वाढविता येतो, पण श्रमाची चोरी करिता येत नाही.

इंग्लंडातील जोसेफ ब्रामा ह्या कारागिराने १७९५ साली ह्या नियमावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. आमच्या जिल्ह्यास ह्या यंत्राचा संबंध कापसामुळे आला. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले आणि तेथील कापूस विलायतेस जाणे बंद पडले, तेव्हा वऱ्हाडच्या कापसास मोठी मागणी आली व खामगावची पेठ भरभराटली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा सुरू झाला. सैल कापूस फार जागा खातो. आगगाडीत व जहाजात जागेचे भाडे पडते. म्हणून सरकी काढण्याच्या जिनाबरोबरच रुई दाबण्याचे प्रेस उभे राहिले. आज आपल्या देशात रुईची एक गाठ सुमारे १७० किलोची धरतात. इतकी रुई एका आटोपशीर गाठीत बसविण्याचे काम तेलाच्या वा पाण्याच्या दाबाने चालणारे यंत्र करिते. त्याच्या पोटात पास्कलचा नियम आहे. ट्रॅक्टरचा नांगर उचलणारी भुजा व मोटारीचा ब्रेक हीदेखील त्याच नियमाची लेकरे होत.

६. वाहते पाणी

पाणी उंचावरून सखल जागी आपोआप जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते नेमक्या उताराने कोसावर नेणे हे कौशल्याचे काम आहे. दुसऱ्या राजांच्या विसाव्या अध्यायात हिज्कीया राजाने नगरात पाणी आणल्याचे सांगितले आहे. यरुशलेमेत खडकात कोरलेला सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा अद्याप आहे व त्यातून पाणी वाहते. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे बऱ्हाणपूर येथे सुमारे १६१५ साली खानखाना अब्दुल रहीम ह्याच्या वेळी सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल कुंड्यांच्या मालिकेने व भुयाराने शहरात आणिले. त्यास कुंडी भंडारा म्हणतात. मलिक अंबर ह्यानेही त्याच शतकाच्या आरंभी आपल्या खडकी नगरास, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, नहर आणिली. तेथील पाणचक्कीवर डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून दुरून येऊन उंचावरून पडत असे व जाते फिरवीत असे. नळ बंद असल्यामुळे पाणी सखल भागात उतरून पुन्हा जवळजवळ मूळ उंचीपर्यंत चढते. स्टेविनने सांगितलेला उंचीचा नियम येथे प्रत्यक्ष काम करीत होता.

वाहत्या पाण्याचे गणित पुढे स्वित्झर्लंडचा डॅनिएल बर्नूली ह्याने १७३८ साली मांडिले. सपाट नळात जेथे पाण्याचा वेग वाढतो, तेथे त्याचा दाब कमी होतो, असे त्याने दाखविले. आमच्या गावांस त्याहूनही जवळचा नियम आन्री दार्सी ह्या फ्रेंच अभियंत्याचा आहे. १८५६ साली त्याने वाळूतून झिरपणारे पाणी मोजून दाखविले. त्याचे सार असे की, पातळीतील फरक जितका अधिक व वाट जितकी आखूड, तितके पाणी अधिक झिरपते. आणि वाळूतून जे सहज जाते, ते चिकणमातीतून फार सावकाश जाते. म्हणून नाल्यावर बंधारा घालून पाणी अडविले असता जवळच्या विहिरीस आधी गुण येतो, लांबच्या विहिरीस उशिरा. आणि गाळ बसलेल्या तलावातून झिरपणे मंदावते. गाळ काढण्याचे काम ह्याचसाठी करावयाचे.

७. जालन्याचा हापसा

येथे आमच्या शेजारच्या जालन्याची हकिकत सांगणे उचित आहे. ह्याच जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी गेल्याच्या मागल्या शतकात बेथेल हे गाव वसविले होते. तेथे स्कॉटलंडच्या मंडळीचे जे मिशन होते, त्याने १९६० नंतरच्या दशकात दुष्काळी गावांतून कठीण कातळात विंधनविहिरी घेण्याचे काम हाती घेतले. पाणी लागले, पण ते वर कसे आणावे? त्या वेळी मिळणारे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या अंगणाकरिता केलेले होते. सबंध गाव दिवसभर हापसू लागले म्हणजे ते मोडत. तेव्हा जालन्यात पोलादाचा, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार करण्यात आला. पुढे सोलापुरास त्यात सुधारणा झाली. आणि सोलापूरच्या पंपाच्या पायावर युनिसेफ व भारत सरकार ह्यांच्या प्रयत्नाने १९७० नंतरच्या दशकात इंडिया मार्क टू हा हातपंप सिद्ध झाला. तो पुढे परदेशांतही लाखोंनी बसविला गेला.

दहा मीटरांची मर्यादा ह्या पंपाने कशी ओलांडली? त्याचा दट्टा व नळकांडे वर नसून खाली पाण्यातच बुडालेले असते. ते हवेच्या बळावर पाणी ओढीत नाही, तर दांड्याच्या साखळीने व सळईने पाण्याचा स्तंभच उचलते. नळकांड्याचा व्यास सुमारे साडेसहा सेंटिमीटर धरला, तर तीस मीटर उंचीच्या स्तंभाचे वजन सुमारे पंच्याण्णव ते शंभर किलो होते. दांड्याची रचना अशी की, हातास त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे बारा-तेरा किलो, लागावा. म्हणून दहा-बारा वर्षांची मुलगीही तो हापसू शकते. आर्किमिडीजची तरफ, टॉरिचेलीची मर्यादा व जालन्याच्या लोहाराचे कसब ही तिन्ही आमच्या गावच्या हापशात एकत्र आली आहेत. त्याचे वॉशर झिजले म्हणजे पाणी वर यावयास उशीर लागतो. वेळेवर ते बदलून घेणे हे गावाचे कर्तव्य आहे.

८. विहिरीतील मृत्यू

आता ज्या गोष्टीकरिता आम्ही हा पाठ मुख्यत्वे लिहिला, तिच्याकडे येतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते आणि काठावरचा पंप सहा-सात मीटरांपलीकडे ओढीत नाही. मग शेतकरी काय करितो? तो डिझेलचे इंजिन व पंप विहिरीत खाली उतरवून कपारीवर अथवा फळ्यांवर बसवितो. पाणी मिळते, परंतु इंजिनाचा धूर विहिरीतच साठतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही व वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो. मनुष्यास डोके जड वाटते, पायांतील बळ जाते, आणि ओरडण्यापूर्वी तो कोसळतो. वर उभा असलेला भाऊ त्यास काढावयास उतरतो व तोही पडतो. मग बाप उतरतो. अशा रीतीने एकाच घरातील दोन-तीन माणसे एका घटकेत गेल्याच्या दुःखद वार्ता पुनःपुन्हा वर्तमानपत्रांत येतात.

इंजिन नसतानाही धोका असतो. जुन्या, बंद पडलेल्या, पाला कुजलेल्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तळाशी पाण्यासारखा बसून राहतो व वारा लागल्यावाचून निघत नाही. हवाही एक प्रवाही पदार्थ आहे आणि जड वायू खाली बसतो, हे आर्किमिडीजचेच शिक्षण.

असा मृत्यू घडला म्हणजे गावात म्हणतात की, साती आसरांनी ओढून नेले, अथवा विहिरीने बळी घेतला. मग नारळ, कोंबडे व ओटी होते. पण इंजिन पुढल्या चैत्रात पुन्हा त्याच कपारीवर उतरते. शोकात असलेल्या शेजाऱ्याची थट्टा करणे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही, आणि तसे कोणी करू नये. परंतु खरे कारण जाणून गप्प बसणे हेही प्रीतीचे लक्षण नव्हे. आमच्या मंडळ्यांतील बंधूदेखील, ओठांनी आसरा मानीत नसले तरी, इंजिन विहिरीत उतरवितातच. वायू ख्रिस्ती व हिंदू असा भेद करीत नाही. म्हणून पुढील नियम प्रत्येक उपदेशकाने मंडळीस व शेजाऱ्यांस सांगावे :

पहिला. डिझेल अथवा रॉकेलचे इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये. पाणी खोल गेले असल्यास पाण्यात बुडणारी विजेची मोटार बसवावी. तिचा पंप पाण्यातच असल्यामुळे तो पाणी खालून वर लोटतो व हवेच्या मर्यादेत अडकत नाही.

दुसरा. चालू किंवा नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाच्या विहिरीत उतरू नये. इंजिन थांबले म्हणजे वायू गेला असे नव्हे.

तिसरा. जुन्या विहिरीत दोराने जळता कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर उतरणे म्हणजे मरण होय. पण कंदील जळत राहिला, एवढ्यावरून विहीर निर्धोक समजू नये. कारण कार्बन मोनॉक्साइडचा पत्ता कंदिलास लागत नाही.

चौथा. उतरणे भागच असेल, तर आधी पंख्याने बराच वेळ ताजी हवा तळापर्यंत घालावी, उतरणाऱ्याच्या छातीस व काखेखाली दोर बांधावा, आणि वर तो ओढण्यास समर्थ अशी माणसे ठेवावी.

पाचवा. आत मनुष्य पडला, तर त्याच्यामागून कोणी उडी घेऊ नये. हे करण्यास मन घट्ट करावे लागते. परंतु दुसरा मनुष्य मेल्याने पहिला वाचत नाही. ताबडतोब अग्निशामक दल व रुग्णवाहिका बोलवावी, हवा घालावी, आणि दोराच्या आकड्याने वरूनच ओढण्याचा प्रयत्न करावा.

समारोप

इटलीच्या पंपवाल्यांची अडचण, टॉरिचेलीची नळी, पास्कलचा डोंगर आणि आमच्या शेतातील विहीर ही सर्व एकाच दहा मीटरांच्या मापाने जोडलेली आहेत. ते माप इंजिनाच्या शक्तीने किंवा नवसाने बदलत नाही. कारण ते आमच्या निर्माणकर्त्याने हवेस दिलेले आहे. जो ते जाणतो त्यास पाणी कसे काढावे हे कळते, आणि कोठे उतरू नये हेही कळते. आपल्या गावात ज्यास हे ठाऊक नाही, त्यास येत्या उन्हाळ्यापूर्वी ते सांगावे, इतकेच आमचे मागणे आहे.

वर्गाकरिता प्रश्न

१. भरलेली घागर पाण्याबाहेर येताच जड का लागते?
२. बांधाची उंची दुप्पट केली तर त्याच्या पायाशी दाब किती वाढतो? सबंध भिंतीवरील जोर किती वाढतो?
३. अधिक शक्तीचे इंजिन आणूनही काठावरचा पंप दहा मीटरांखालचे पाणी का ओढू शकत नाही? मोट व हापसा ते कसे आणितात?
४. पेरिएने एक नळी मठाच्या बागेत का ठेविली?
५. कंदील जळत असतानाही विहीर प्राणघातक कशी असू शकते?
६. आपल्या मंडळीच्या शिवारात कोणत्या विहिरींत इंजिन खाली बसविलेले आहे? त्या घरी कोण जाऊन सांगेल, हे वर्गातच ठरवावे.